जुना विंडोज काढता येत नाही, मग सांभाळायचा कसा?

छापखान्यात पेजमेकर आणि श्री-लिपीसाठी राखून ठेवलेला विंडोज एक्सपीचा संगणक, वर्कशॉपमध्ये सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर धातू कापणाऱ्या) मशीनला जोडलेला, लॅबमध्ये रक्ततपासणीच्या यंत्राबरोबर आलेला विंडोज ७, वजनकाट्यावर पावत्या छापणारा. हे बदलून टाका असं सांगणं सोपं आहे. पण डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी लावायची चावी) पॅरलल पोर्टाचं, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या खाचेचं असतं, ड्रायव्हर ३२ बिटचाच मिळतो आणि यंत्र अजून दहा वर्षं चालणार असतं. संगणक तिथेच राहणार हे धरून पुढचं सगळं लिहिलं आहे. लेखातल्या कमांड आणि मेनूंची नावं देवनागरीत आहेत, टाइप करताना ती रोमन अक्षरांत करायची.

आधी तारखा बघून घ्या. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ चे १४ जानेवारी २०२० ला, ८.१ चे १० जानेवारी २०२३ ला, सर्व्हर २०१२ चे १० ऑक्टोबर २०२३ ला. विंडोज १० सुद्धा १४ ऑक्टोबर २०२५ पासून याच रांगेत आला. त्याला वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, पण घरगुती वापरासाठी ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

भोक नेमकं कुठे असतं

नेटवर्कवरचा संगणक एक तर दुसऱ्याकडे काही मागतो, नाहीतर कुणी मागेल म्हणून दार उघडून बसतो. शेअर केलेलं फोल्डर, शेअर केलेला प्रिंटर, रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक चालवण्याची सोय) ही सगळी उघडून ठेवलेली दारं. प्रत्येक दाराला क्रमांक असतो, त्याला पोर्ट म्हणतात. स्वतःहून पसरणारे मोठे व्हायरस याच दारांतून आले, कुणी काही क्लिक न करता.

१२ मे २०१७ ला पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीवाला व्हायरस ४४५ क्रमांकाच्या पोर्टावरून आला. विंडोजची फाइल शेअरिंगची जुनी पद्धत म्हणजे एसएमबी १. ती चालवणाऱ्या एसआरव्ही डॉट एसवायएस या ड्रायव्हरमध्ये एका यादीची लांबी मोजताना चूक होती. ३२ बिटचा आकडा एका ठिकाणी १६ बिटचा समजून बदलला जायचा. त्यामुळे मेमरीत जागा लहान घेतली जायची आणि मजकूर जास्त भरला जायचा, तो शेजारच्या मेमरीवर सांडायचा. हे सगळं विंडोजच्या गाभ्यात घडतं. म्हणून हल्लेखोराला पासवर्ड लागत नाही आणि एकदा आत आल्यावर त्याला सगळे अधिकार मिळतात. मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ लाच पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट दिलं होतं, म्हणजे जवळपास दोन महिने आधी. तो पॅच ज्यांनी बसवला नव्हता, त्यांची यंत्रं गेली. त्यात विंडोज ७ ची संख्या सगळ्यात मोठी होती.

दुसरं भोक रिमोट डेस्कटॉपचं, ३३८९ पोर्टाचं. १४ मे २०१९ ला त्याचा पॅच आला आणि त्या भोकाचं ब्लूकीप हे नाव प्रसिद्ध झालं. एक्सपी, व्हिस्टा, विंडोज ७, सर्व्हर २००३ आणि २००८ यांत ते आहे, ८ आणि १० मध्ये नाही. इथेही लॉगिन होण्याआधीच हल्ला होतो, त्यामुळे पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी उपयोग नाही.

यातून कामाची दिशा ठरते: जुना संगणक मागणारा ठेवायचा, देणारा ठेवायचा नाही. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: हात लावण्याआधी डिस्कची पूर्ण प्रत

जुन्या संगणकात पॅच टाकताना तो बंद पडू शकतो आणि श्री-लिपीची किंवा यंत्राच्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी कुठे आहे हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून नुसत्या फाइलींचा बॅकअप पुरत नाही, अख्ख्या डिस्कची इमेज हवी. क्लोनझिला हा डिस्कची प्रत घेणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर किंवा सीडीवर टाका, त्यावरून संगणक सुरू करा आणि इमेज बाहेरच्या डिस्कवर घ्या. खूप जुन्या संगणकात डिस्क आयडीई या जुन्या जोडणीची असते आणि यूएसबीवरून बूट होत नाही. तेव्हा डिस्क काढून आयडीई-ते-यूएसबी अडॅप्टरनं दुसऱ्या संगणकावर प्रत घ्या. प्रत झाली की बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेला बॅकअप खंडणीवाल्या व्हायरसच्या तावडीत बाकीच्या फाइलींबरोबरच सापडतो.

याच वेळी मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. तो संपला की दर वेळी तारीख मागे जाते, मग सुरक्षित साइट उघडत नाहीत आणि अपडेटच्या डिजिटल सह्या चुकीच्या ठरतात. पन्नासेक रुपयांच्या सेलसाठी दिवस वाया जातो.

पायरी २: यादी, आणि राउटरलाही विचारा

प्रत्येक संगणकावर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून विनव्हर टाइप करा. आवृत्ती आणि सर्व्हिस पॅक वहीत लिहा. सोबत आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) आणि हा संगणक कशासाठी ठेवला आहे हेही लिहा. हे शेवटचं महत्त्वाचं. अनेकदा तेवढं लिहितानाच लक्षात येतं की या संगणकाला नेटवर्कची गरजच नाही. मग केबल काढा, वायफाय कार्ड डिसेबल करा. त्या संगणकापुरतं आपलं काम तिथेच संपलं.

मग राउटरच्या पानावर जाऊन डीएचसीपीची, म्हणजे राउटरनं कुणाकुणाला आयपी दिले त्याची यादी उघडा. वहीत नसलेली चार-पाच उपकरणं तिथे दिसतीलच: कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, झेरॉक्स-स्कॅनर, बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र, नेटवर्क स्टोरेजचा डबा. यांच्या आतही एक ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि बहुतेक वेळा ती जुनीच असते. स्टोरेजच्या डब्यात सहसा सांबा हा प्रोग्राम फाइल शेअरिंग करतो. त्याच्या ३.५.० पासूनच्या आवृत्त्यांत मे २०१७ मध्ये वॉनाक्रायच्या तोडीचं भोक सापडलं होतं. डब्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) त्यानंतरचं आहे का, हे बघा.

पायरी ३: कोणती दारं उघडी आहेत

जुन्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि नेटस्टॅट, एक जागा सोडून, उणे चिन्हाला लागून ए-एन-ओ असं टाइप करा. मोठी यादी येईल. त्यातल्या फक्त लिसनिंग लिहिलेल्या ओळी बघा. साधारण अशी ओळ दिसेल:

टीसीपी   ०.०.०.०:४४५   ०.०.०.०:०   लिसनिंग   ४

पहिला पत्ता ०.०.०.० असेल तर हे दार नेटवर्कवरच्या सगळ्यांना उघडं आहे. तिथे १२७.०.०.१ असेल तर ते फक्त त्याच संगणकातल्या प्रोग्रामसाठी आहे, ते सोडून द्या. शेवटचा ४ म्हणजे प्रोसेस क्रमांक, आणि ४ म्हणजे खुद्द विंडोजचा गाभा. ४४५ वर काही चुकलं तर ते किती खोल जातं, हे त्या एका आकड्यावरून कळतं. १३५, १३९, ४४५ आणि ३३८९ हे आपल्या कामाचे क्रमांक. २१ म्हणजे एफटीपी (फाइली पाठवण्याची जुनी पद्धत), २३ म्हणजे टेलनेट (दुरून कमांड देण्याची जुनी पद्धत). हे दिसले तर ते कुणी आणि कशासाठी सुरू केले याचा शोध घ्या. ४९१५२ पासून पुढचे मोठे क्रमांक विंडोज ७ मध्ये नेहमीचे असतात.

आता तोच संगणक बाहेरून कसा दिसतो ते बघा. दुसऱ्या संगणकावर एनमॅप हा उघडी दारं शोधणारा प्रोग्राम बसवा आणि त्या आयपीवर साधं पोर्ट स्कॅन करा. नेटस्टॅटमध्ये दार उघडं आणि एनमॅपमध्ये फिल्टर्ड दिसलं तर फायरवॉल (नको ते येणं अडवणारा विंडोजचा पहारा) काम करते आहे. एनमॅपबरोबर मार्चच्या पॅचची तपासणी करणारी स्क्रिप्टही येते. ऑफिसच्या संगणकांवर ती खुशाल चालवा. सीएनसीचे कंट्रोलर, पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे संगणक) आणि लॅबच्या यंत्रांवर मात्र नको. त्यांचं नेटवर्क सॉफ्टवेअर नाजूक असतं, साध्या स्कॅननंही ती कधीकधी अडकतात आणि जॉब अर्धवट राहतो. ती तपासणी काम बंद असताना करा. आणि स्कॅन फक्त स्वतःच्या नेटवर्कवर, मालकाच्या लेखी परवानगीनं. परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं.

पायरी ४: आधी राउटर, मग संगणक

सगळ्यात मोठा धोका इंटरनेटकडून येतो, म्हणून सुरुवात राउटरपासून. पोर्ट फॉरवर्डिंगचं, म्हणजे बाहेरून आलेलं आतल्या संगणकाकडे पाठवण्याचं पान उघडा. मागे कधीतरी कुणी घरून काम करायला ३३८९ उघडलेलं असतं आणि ते तसंच राहून जातं. ते काढून टाका. ३३८९ ऐवजी ३३९० देऊन भागत नाही. सगळे पोर्ट तपासत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात. बाहेरून यायचंच असेल तर राउटरवर व्हीपीएन (आत येण्याचा सुरक्षित, बंदिस्त मार्ग) लावा आणि व्हीपीएनमधून आत या. त्याच पानाच्या आसपास यूपीएनपी असतं, ते बंद करा. ते चालू असलं की डीव्हीआरसारखी उपकरणं तुम्हाला न विचारता बाहेरचं दार उघडून घेतात.

आता विंडोज ७ वर एसएमबी १ बंद करायचं. विंडोज १० मध्ये त्यासाठी विंडोज फीचर्सच्या यादीत खूण काढायची सोय आहे, ७ मध्ये ती नाही, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदीतच जावं लागतं. रेगएडिट उघडा. एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, लॅनमन सर्व्हर, पॅरामीटर्स असं आत जा. ही नावं तिथे जोडून लिहिलेली असतात. उजवीकडे एसएमबी१ नावाचं ३२ बिटचं डीवर्ड बनवा, किंमत ० ठेवा आणि संगणक रीस्टार्ट करा. रीस्टार्ट न करता तपासलं तर काहीच बदललेलं दिसत नाही. विंडोज ७ ला एसएमबी २.१ येतं, त्यामुळे नव्या संगणकांशी फाइलींची देवाणघेवाण चालूच राहते. एक्सपीला एसएमबी १ शिवाय दुसरं काही येतच नाही. तिथे ते बंद करणं म्हणजे फाइल शेअरिंगच बंद करणं, आणि आमच्या मते तेच करावं. नेटवर्क कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंगची खूण काढली की झालं.

रिमोट डेस्कटॉप लागत नसेल तर माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये, रिमोट टॅबवर बंद करा. लागतच असेल तर विंडोज ७ मध्ये नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन असलेला पर्याय निवडा. त्यानं ब्लूकीपसाठी आधी लॉगिन करावं लागतं, म्हणजे अडथळा येतो. पण पॅचची जागा तो घेत नाही.

फायरवॉलमध्ये हमखास होणारी चूक

एकाच संगणकाला ४४५ वर येऊ द्यायचं, बाकीच्यांना नाही, अशी गरज बऱ्याच ऑफिसांत असते. बहुतेक जण ४४५ अडवणारा एक नियम करतात आणि त्या एका आयपीला मुभा देणारा दुसरा. मग कुणालाच येता येत नाही, कारण विंडोजच्या फायरवॉलमध्ये अडवणारा नियम मुभा देणाऱ्या नियमाला हरवतो. चिडून शेवटी फायरवॉलच बंद केली जाते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते.

बरोबर पद्धत अशी. डब्ल्यूएफ डॉट एमएससी टाइप करून प्रगत फायरवॉल उघडा. इनबाउंड रूल्समध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंग, एसएमबी-इन हा नियम आधीच असतो. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये स्कोप टॅबवर जा आणि रिमोट आयपी अ‍ॅड्रेसमध्ये फक्त त्या एका संगणकाचा आयपी लिहा. अडवायचा वेगळा नियम नको; ज्याला मुभा नाही तो आपोआप अडतो. प्रायव्हेट, पब्लिक, डोमेन अशा प्रोफाइलनुसार हा नियम दोन-तीनदा दिसतो, प्रत्येकात तोच बदल करा. ज्याला मुभा दिली त्याचा आयपी राउटरवर कायमचा बांधून ठेवा, नाहीतर तो बदलला की सगळं थांबतं.

एक्सपीला सर्व्हिस पॅक २ पासून विंडोज फायरवॉल आहे. ती फक्त आत येणारं अडवते, बाहेर जाणारं नाही. एक्सेप्शन्स टॅबवर नियम एडिट करून चेंज स्कोप, कस्टम लिस्ट असा तोच परिणाम साधता येतो. काहीही शेअर करायचं नसेल तर डोन्ट अलाऊ एक्सेप्शन्सवर खूण करा.

पायरी ५: पॅच, आणि त्यांचा क्रम

पॅच मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधूनच घ्या, तेही नव्या संगणकावर, आणि पेनड्राइव्हनं आणा. जुन्या ब्राउझरमध्ये ती साइट धड उघडत नाही. दुसऱ्या कुठल्याही साइटवरचे तयार पॅचचे संच घेऊ नका.

विंडोज ७ वर क्रम असा ठेवा (केबी म्हणजे पॅचचा क्रमांक), आणि प्रत्येक टप्प्यानंतर रीस्टार्ट:

१. सर्व्हिस पॅक १
२. केबी ४४९०६२८
३. केबी ४४७४४१९
४. केबी ४५३४३१०

मधले दोन वगळले तर शेवटचा बसतच नाही. ऑगस्ट २०१९ पासूनच्या अपडेटवर नव्या पद्धतीची सही आहे, ती ओळखायला विंडोज ७ ला हे दोन लागतात. ८००९२००४ असा एरर आला तर कारण हेच. नॉट अ‍ॅप्लिकेबल आलं तर बहुतेकदा ३२ आणि ६४ बिटची अदलाबदल झालेली असते. शेवटचा पॅच जानेवारी २०२० चा एकत्रित संच आहे, त्यात वॉनाक्राय आणि ब्लूकीप दोन्हींचे इलाज येतात. खात्री करायची असेल तर सिस्टिम ३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात एसआरव्ही डॉट एसवायएस शोधा, प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स बघा. ६.१.७६०१.२३६८९ किंवा पुढचा क्रमांक असेल तर वॉनाक्रायचं भोक बुजलं आहे.

एक्सपीवर सर्व्हिस पॅक ३ हवा, मग केबी ४०१२५९८ आणि केबी ४५००३३१. सपोर्ट संपून वर्षं झाल्यावरही मायक्रोसॉफ्टनं हे दोन दिले, त्यावरूनच त्या दोन भोकांची गंभीरता समजून घ्या. पॅचमुळे तेवढीच दोन भोकं बुजतात. सपोर्ट संपल्यानंतर सापडलेली बाकीची तशीच आहेत, म्हणून पुढची पायरी टाळू नका.

पायरी ६: वेगळं बसवा

सगळ्यात स्वस्त उपाय बिनखर्चाचा आहे. जुन्या संगणकाला आयपी हातानं द्या आणि डिफॉल्ट गेटवे, डीएनएस या जागा रिकाम्या सोडा. ऑफिसमधल्या बाकीच्यांशी बोलता येतं, इंटरनेटवर जाता येत नाही. पण विंडोज ७ वर आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) ची खूण काढायला विसरू नका. अनेक ब्रॉडबँड कंपन्या आता आयपीव्ही६ देतात आणि संगणक राउटरकडून तो पत्ता आपण होऊन घेतो. मग इकडे गेटवे रिकामा असूनही तिकडून इंटरनेट चालू राहतं.

यानं इंटरनेट तुटतं, पण शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आला तर तो पोचतोच. त्यासाठी जुन्या संगणकांचं नेटवर्कच वेगळं हवं. स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) असेल तर वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवरचं वेगळं नेटवर्क करा. नसेल तर एक साधा आठ पोर्टांचा स्विच घ्या, सगळी जुनी यंत्रं त्यावर जोडा आणि तो मुख्य नेटवर्कला जोडू नका. दोन्हींच्या मधे एकच चालू सपोर्टचा संगणक ठेवा, दोन नेटवर्क कार्डांचा. त्यावर ब्रिज कनेक्शन्स आणि इंटरनेट शेअरिंग कधीही चालू करू नका, नाहीतर दोन्ही बाजू पुन्हा एक होतात.

फाइली न्यायच्या कशा? मधल्या संगणकावर एफटीपी सर्व्हर चालवा आणि फायरवॉलमध्ये तो फक्त जुन्या बाजूच्या आयपींना उघडा ठेवा. एक्सपीत एफटीपी क्लायंट मुळातच असतो. तो जाऊन फाइल मागतो किंवा ठेवतो, त्याला स्वतःचं एकही दार कायम उघडं ठेवावं लागत नाही. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो हे खरं, पण त्या स्विचवर तुमच्याच तीन-चार यंत्रांशिवाय कुणी नाही. फक्त तो पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरू नका. पेनड्राइव्ह हा दुसरा मार्ग. त्यासाठी एक वेगळा पेनड्राइव्ह राखून ठेवा आणि एक्सपीवर केबी ९७१०२९ बसवा. पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप चालणं त्यानं थांबतं.

पायरी ७: सगळीकडे एकच पासवर्ड नको

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा व्हायरस पसरला तेव्हा मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या कामाबरोबर न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं त्यांच्या समूहाचं कंटेनर टर्मिनलही ठप्प झालं. तो व्हायरस एसएमबीच्या त्याच भोकातून तर शिरायचाच, शिवाय एका संगणकाच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलून तो शेजारच्या संगणकांवर वापरायचा. त्यामुळे पॅच बसवलेली यंत्रंही गेली. ऑफिसमधल्या सगळ्या संगणकांच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला एकच पासवर्ड असेल तर एक जुना संगणक पडल्यावर सगळे पडतात. प्रत्येकाला वेगळा द्या, वहीत लिहून कपाटात ठेवा. रोजचं काम साध्या युजरनं करा. जुनं सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनशिवाय चालत नाही अशी तक्रार आली तर आधी त्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरला लिहिण्याची परवानगी देऊन बघा, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं.

दुसऱ्या दिवशी काय बंद पडेल

पहिली तक्रार झेरॉक्स मशीनवरून येईल: स्कॅन फोल्डरमध्ये पडत नाही. जुनी मशीनं एसएमबी १ नंच फाइल पाठवतात. फर्मवेअर नवं मिळतं का बघा, नाहीतर स्कॅन-टू-एफटीपी किंवा ईमेल लावा. दुसरी तक्रार जुन्या स्टोरेज डब्याची. त्याच्या सेटिंगमध्ये एसएमबीची किमान आवृत्ती २ करता येते का पाहा. येत नसेल तर त्या डब्यावर महत्त्वाचं काही ठेवू नका.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर बऱ्याच जणांचे डबे अचानक उघडेनासे झाले. त्याचं कारण वेगळं आहे. प्रोसारख्या आवृत्त्यांमध्ये आता सहीशिवायचं आणि पासवर्डशिवायचं शेअरिंग नाकारलं जातं. डब्यावर पासवर्ड असलेला युजर बनवा आणि त्यानं जोडा. यावर उपाय म्हणून एसएमबी १ चालू करा असं कुणी सांगितलं तर करू नका. त्यानं मूळ अडचण सुटत नाही, आणि बंद केलेलं जुनं दार मात्र परत उघडतं.

स्क्रीनवर खंडणीची नोटीस आलीच तर आधी नेटवर्कची केबल उपटा, स्विचवरूनही. रीस्टार्ट करू नका, फॉरमॅट तर नाहीच. वॉनाक्रायच्या वेळी रीस्टार्ट न केलेल्या काही संगणकांच्या मेमरीतून चावी परत मिळाली होती. मोबाइलवर स्क्रीनचा फोटो घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि संस्थांनी अशी घटना कळल्यापासून ६ तासांत तिला कळवायची असते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

राउटर बदलला, रीसेट झाला किंवा इंटरनेट कंपनीच्या माणसानं नवा बसवला की पायरी ४ चा पहिला भाग पुन्हा करा. नव्या राउटरवर यूपीएनपी बहुतेक वेळा चालूच असतं. आणि यंत्र दुरुस्त करायला आलेला माणूस आपला लॅपटॉप जुन्या स्विचला जोडायला मागेल, तेव्हा त्याला मधल्या संगणकावर बसवा.